चौदावी कुपी आणि आईचा हौद

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचे उत्तर नोंदवून ठेवायचे आहे. त्या उन्हाळ्यात सांधे धरणारा ताप वीटभट्टीवरून आमच्या आळीत आला, की आमच्या आळीतून वीटभट्टीवर गेला? एवढ्या वर्षांनी हा प्रश्न कोणाला पडत नसेल, हे मी जाणते. पण त्या वेळी या उत्तरावर एका कातकरी कुटुंबाचे बिऱ्हाड अवलंबून होते. त्याचे चुकीचे उत्तर वहीत सर्वांत सुंदर अक्षरात ज्या व्यक्तीने लिहिले, ती मीच होते. म्हणून ते दुरुस्त करण्याचे कामही माझ्याकडे येते.

आमचे घर पनवेलच्या जुन्या भागात, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. वडील, म्हणजे आमचे नाना, शाळेचे हेडमास्तर. घरात घड्याळापेक्षा नानांच्या खोकल्यावर कामे चालत. पहिला खोकला म्हणजे नळ आला, दुसरा म्हणजे चहा हवा. नळाला सकाळी तासभर पाणी येई. तेवढ्या वेळात आई परसातला दगडी हौद, लोखंडी पिंप, दोन तांब्याचे हंडे आणि न्हाणीघरातला रांजण भरून घेई. पिण्याचे पाणी ती रोज शिळे म्हणून झाडांना घालून नवे भरत असे. त्याबाबतीत तिच्याइतकी काटेकोर बाई आळीत नव्हती. हौदाचा नियम मात्र वेगळा होता. तो तिला तिच्या सासूने दिला होता: भरल्या घरात हौद रिता ठेवू नये. त्यामुळे हौद कितीही खाली गेला तरी तळाशी वीतभर पाणी राहीच, आणि त्यावरच दुसऱ्या दिवशीचे पाणी पडे. मी त्या घरात एकोणीस वर्षांची झाले. त्या हौदाचा तळ मी एकदाही पाहिला नव्हता.

उन्हाळ्यात परसदारी बुधीबाई येई. सुकापूरच्या अलीकडच्या वीटभट्टीवर ती, तिचा नवरा, दीर चांगू आणि त्याची माणसे चिखलाचा गारा तुडवण्याचे व विटा थापण्याचे काम करीत. भट्टीचे काम उरकले की ती पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे भरून आळीत विकायला आणी. बरोबर तिची दहा वर्षांची सोमी असे. आईचा सोमीवर जीव होता. हौदाच्या कठड्याला टेकवून ती सोमीच्या केसांना तेल लावी, रात्रीची तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट तिच्या हातावर ठेवी. सोमी भाकरीचा पापुद्रा अलगद सोडवून आधी खाई. बुधीबाई म्हणे, "वैनी, ह्या पोरीला तुमी बिगडवलाव. आता ती माझी भाकर खात नाय, म्हनते जाडी हाय." आई हसून म्हणे, "मग तू पातळ कर की गं." हा संवाद आठवड्यातून दोनदा तरी जसाच्या तसा होई, आणि दोघींना तो प्रत्येक वेळी नवा वाटे.

त्या वर्षी परीक्षा संपल्यावर शाळेचा पाचवीचा वर्ग नानांनी पुण्याहून आलेल्या एका पथकाला वापरायला दिला. पथक मोठे नव्हते. सामंत बाई नावाच्या डॉक्टर, एक जीप, तिचा चालक, आणि डास पकडणारे हुसेनचाचा. चाचा पनवेलचेच. नोकरीची सगळी वर्षे गावोगाव डास पकडत हिंडून ते पहिल्यांदाच स्वतःच्या गावात कामाला आले होते. परिसरातल्या डासांमध्ये आणि माणसांमध्ये कोणते विषाणू वावरतात हे पाहणे, एवढेच पथकाचे काम होते. मी अध्यापन विद्यालयाच्या प्रवेशाची वाट पाहत घरी बसले होते. बाईंना सुवाच्य अक्षराचा कोणीतरी हवा होता. नानांनी माझे नाव सुचवले आणि मी पथकात गेले.

काम कसे चाले ते सांगते, कारण पुढचे सर्व त्यावर आधारलेले आहे. डास रक्त पिऊन झाला की घरातच अंधाऱ्या जागी विसावतो: खुंटीवरच्या कपड्यांत, खाटेखाली, देवाच्या तसबिरीमागे. हुसेनचाचा सकाळी सहा ते नऊ घरोघर जात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात रबरी नळी लावलेली काचेची नळी. डासाजवळ नळीचे तोंड नेऊन ते एक लहानसा श्वास ओढत आणि डास पंखाला धक्का न लागता आत जाई. आत जाळी असल्यामुळे तोंडात येत नसे. मी पहिल्या दिवशी विचारले, "चाचा, कधी गिळला नाही का?" ते म्हणाले, "जवान होतो तेव्हा, बेटी. तेव्हा जाळी ढिली आणि श्वास लंबा. आता उलटं आहे." पकडलेले डास ते छोट्या काचेच्या कुप्यांत सोडत, कापसाचा बोळा बसवत, आणि घराचे नाव लिहिलेली चिठ्ठी कुपीभोवती दोऱ्याने बांधत. शाळेत आल्यावर मी त्या चिठ्ठ्यांवरून स्वच्छ लेबले लिही, शिसपेन्सिलीने, कारण शाई ओल लागून पसरते. डासांची ढोबळ विभागणीही मला जमू लागली होती. करड्या रंगाचे साधे डास गटारांत व साचलेल्या घाणीत जन्मतात. काळ्या अंगावर आणि पायांवर चुन्यासारखे पांढरे पट्टे असलेले डास मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतात, दिवसा चावतात, आणि हा ताप तेच पसरवतात.

आणखी एक गोष्ट बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावली होती. ज्याचे पोट रक्ताने लाल आहे असा डास लगेच मारून तपासायचा नाही. त्यात विषाणू सापडला, तर तो डासाचा की नुकत्याच प्यालेल्या रक्तातला, हे सांगता येणार नाही. म्हणून असे डास आम्ही कंदिलाच्या काचांत ठेवत असू. काचेच्या दोन्ही तोंडांना मलमल बांधलेली, वर भिजवलेला मनुका. तीन-चार दिवसांत रक्त पचे, पोट रिकामे होई, आणि मगच तो डास थंड पेटीतून पुण्याला जाई. पाचवीच्या वर्गात फळ्याखालच्या बाकांवर अशा काचा ओळीने उभ्या असत. मनुक्यांसाठी घरून मीच वाटी नेई. डासांना मनुके घालते म्हणून आई दोन दिवस माझ्यावर रागावली होती.

चैत्र संपता संपता सोमी तापली. ताप चढला आणि त्याबरोबर घोटे, गुडघे, बोटांची पेरे धरली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी भट्टीवर जाऊन तिचे रक्त घेतले. तुलनेसाठी निरोगी माणसांचेही रक्त हवे होते. आळीत कोणी दंड पुढे करीना. तेव्हा आई म्हणाली, "माझं घ्या. मला काही झालेलं नाही." त्याच सकाळी आईच्या रक्ताची कुपी सोमीच्या कुपीशेजारी बर्फात ठेवली गेली. तिसऱ्या आठवड्यात दोघींचे रक्त पुन्हा घ्यायचे होते. पहिल्या रक्तात काय नव्हते आणि दुसऱ्यात काय आले, या फरकावरूनच ताप कधी झाला ते कळते. एकट्या नमुन्यावर फार विसंबून चालत नाही.

पुढच्या आठ दिवसांत आळीत पाच घरे तापली. माणसे भिंतीला धरून चालू लागली. आणि आळीने आपले उत्तर ठरवले. आमच्या समोर काशिनाथकाका राहत. कोर्टातून निवृत्त झालेले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. ते ओट्यावरून म्हणाले, "हेडमास्तर, सरळ हिशेब आहे. आधी कोण तापलं? भट्टीवरची पोरगी. मग कोण तापलं? आपण. ती माणसं तिथे राहतात कशी, ते पाहिलंय का कधी?" नाना म्हणाले, "आधी झालं म्हणून त्यामुळे झालं, असं होत नाही, काशिनाथराव." काका म्हणाले, "शाळेत नसेल होत." दुसऱ्या दिवसापासून बुधीबाईला आळीच्या तोंडाशीच थांबवले जाऊ लागले. तिची करवंदे कोणी घेईना. आई मागल्या दाराने भाकरी पाठवी. भाकरी घेऊन गेलेल्याबरोबर निरोप परत येई, "सोमी पापुद्रा पन खात नाय."

त्या मंगळवारी हुसेनचाचांनी आमचे घर आणि बुधीबाईची झोपडी, दोन्ही ठिकाणी डास पकडले. मी चिठ्ठ्या सोडवू लागले. चौदाव्या कुपीची चिठ्ठी होती, ‘आळी, हेडमास्तरांचे घर’. आत अकरा डास, सगळे पट्टेवाले. पंधराव्या कुपीची चिठ्ठी होती, ‘भट्टी, बुधीची झोपडी’. आत तीन करडे डास, पट्टेवाला एकही नाही. मी दोन्ही कुप्या उजेडात धरून पुन्हा पाहिल्या. माझ्या मनात शंका आली नाही, खात्री आली. ज्या घरात रोज सारवण होते, पिण्याचे पाणी रोज बदलते, तिथे अकरा डास? आणि चिखलात बांधलेल्या झोपडीत तीन? चाचांचे वय झाले, त्यांनी चिठ्ठ्या अदलाबदल करून बांधल्या, असे मला वाटले. शाळेत मी नानांना वह्या तपासायला मदत करीत असे. मुलाने घाईत पंधरा लिहायच्या जागी पन्नास लिहिले तर ते उघड दिसते आणि आपण दुरुस्त करतो. मी तेच केले. चौदाव्या कुपीवर भट्टीचे लेबल लावले, पंधरावीवर आमच्या घराचे. चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या आणि वहीत पक्की नोंद केली. ते पान आजही डोळ्यांसमोर आहे. एकही खाडाखोड नाही.

वयाचा मान म्हणून मी चाचांना विचारलेसुद्धा नाही. त्यांची चूक झाकून आपण चांगुलपणा केला, अशी माझी समजूत होती. आता या वयात कोणी माझी चूक मला न सांगता परस्पर दुरुस्त केली की मला राग येतो, तेव्हा ही कुपी आठवते.

रात्रीच्या जेवणात आंब्याची डाळ होती. मी सहज म्हटले की पट्टेवाले डास बुधीबाईच्या झोपडीत सापडले, आपल्याकडे फक्त तीन साधे. आईचा हात परातीत थांबला. नाना म्हणाले, "नक्की ना?" मी म्हटले, "वहीत आहे." नाना प्रामाणिक गृहस्थ होते. जे वहीत आहे ते लपवणे त्यांना बरोबर वाटले नाही, आणि दुसऱ्या दिवशी काशिनाथकाकांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगून टाकले. गुरुवारी आळीतली चार माणसे भट्टीमालकाकडे गेली. मालकाने बुधीबाईला सांगितले की रविवारी सकाळी ट्रक येईल, कोन गावाच्या पलीकडे दुसऱ्या भट्टीवर जायचे. तिथे झोपड्या नव्हत्या, त्या बांधायच्या होत्या. सोमीला उभे राहता येत नव्हते.

शुक्रवारी सामंत बाई मला आणि चाचांना घेऊन भट्टीवर गेल्या. झोपडीत अकरा पट्टेवाले डास असतील, तर त्यांच्या अळ्या जवळच्याच पाण्यात असल्या पाहिजेत, कारण हा डास जन्मस्थानापासून फार लांब उडत नाही. बाईंच्या हातात पांढरी तामचिनी थाळी आणि ओगराळे होते. झोपडीच्या दाराशी सोमी गोधडीवर पडली होती. तिने मला पाहून हात वर करायचा प्रयत्न केला. बोटे मिटलेलीच राहिली.

बाईंनी विचारले, "पाणी कशात साठवता?"

बुधीबाईने दोन मातीचे हंडे आणले आणि आमच्यासमोर पालथे केले. दोन्ही कोरडे होते. "बाय, दोनच हंडं हायेत. सकाली आनतो, सांजेपत्तूर संपतंय. ठेवाया पानी उरंल तर ना!"

"पिंप, टाकी, काही?"

"पिंप?" ती हसली. "पिंप आसता तर त्यातच नसतो का ऱ्हायलो, पावसाचा?"

भट्टीच्या खड्ड्यातले पाणी गढूळ होते. बाईंनी तेही दहा वेळा ओगराळ्याने काढून पाहिले. करड्या डासांच्या अळ्या होत्या. पट्टेवाल्यांची एकही नव्हती. जीपपाशी येताना त्या थांबल्या. "डास आहेत आणि जन्मायला जागा नाही. हे बसत नाही. हुसेनभाई, कुप्यांमध्ये काही गडबड?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले नाही. जमिनीकडे पाहत ते म्हणाले, "असेल, बाईसाहेब. नजर पहिल्यासारखी नाही राहिली. गलती माझी असेल."

मी गप्प राहिले. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आहे.

निघताना बुधीबाई मला म्हणाली, "शैलाबाय, चांगू सकालीच निंगाला, बायकोपोरांना घेऊन. म्हनला, ट्रकात घालून हाकलतील त्यापरीस पायी गेलेला बरा." चांगूच्या बायकोलाही ताप होता. तिचे पहिले रक्त आमच्याकडे होते.

दुपारी घरी आले. आई निजली होती. मी शाळेतून आणलेली थाळी घेऊन परसात गेले आणि हौदातून एक ओगराळे पाणी काढून थाळीत ओतले. उन्हात ठेवले. आधी काही दिसले नाही. मग पाणी स्थिर झाले आणि काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे काहीतरी वळवळत वर आले, शेपटी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलटे लटकले. मी थाळीवर सावली धरली तशी ती सगळी एकदम तळाशी गेली. मी मोजू लागले आणि चाळीसच्या पुढे मोजणे सोडले. हौदाच्या कडेने, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या दगडावर काजळीचे बारीक ठिपके चिकटलेले होते. ती अंडी होती. पाणी गेले तरी ती महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात.

शनिवारी सकाळी मी पाचवीच्या वर्गात गेले. बाई आणि चाचा दोघेही होते. दुपारी जीप थंड पेटी घेऊन पुण्याला निघणार होती. चौदाव्या कुपीतले डास अजून कंदिलाच्या काचेत मनुक्यावर बसलेले होते. त्यांची पोटे रिकामी झाली होती. मी उभ्यानेच सांगितले की लेबले मी बदलली. का बदलली तेही सांगितले. सांगताना ते कारण किती लहान आहे हे मला कळत गेले.

बाई काही बोलण्याआधी चाचांनी कोटाच्या खिशातून दोन चुरगळलेल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. माझ्या टोपलीतल्या. लिहिलेला कागद पायदळी येऊ नये म्हणून ते आमच्या टोपलीतले कागद रोज वेचून घरी नेत आणि पेटीत ठेवत. हे मी कधी लक्षात घेतले नव्हते.

"काल घरी जाऊन पेटी उघडून शोधल्या," ते म्हणाले. "थंड पेटी जीपमध्ये चढेपर्यंत थांबणार होतो, बेटी. त्यापुढे नाही."

बाईंनी मला वही उघडायला सांगितली. मी खोडरबर शोधू लागले. "रबर नाही," त्या म्हणाल्या. "चुकलेल्यावर एकच रेघ ओढा. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा. तारीख आणि सही." मी तसे केले. पुढे शाळेत शिकवताना मी हाच नियम मुलांना लावला. त्यामुळे माझ्या वर्गाच्या वह्या इतरांपेक्षा घाणेरड्या दिसत, आणि त्याचा मला अभिमान होता.

बाईंनी मग विचारले, "भट्टीवर ट्रक कधी येणार?" मी म्हटले, उद्या. त्या म्हणाल्या, "मग हे वहीत राहून उपयोग नाही."

घरी येऊन मी आईला लेबलांचे सांगितले आणि हौदातले पाणी थाळीत काढून दाखवले. तिने थाळीत बराच वेळ पाहिले. ती रागावेल, रडेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "हे माझ्या पाण्यात?" आणि थाळी तशीच हातात घेऊन समोर काशिनाथकाकांच्या ओट्यावर गेली. मी मागून.

"भावोजी, हे बघा."

"काय आहे हे?"

"ताप आहे. माझ्या हौदातला. भट्टीवर साठवलेल्या पाण्याचा एक थेंब सापडला नाही, शैलेनं चिठ्ठ्या बदलल्या होत्या. आता तुमचा हौद दाखवा."

"वहिनी, आमच्याकडे रोज..."

"आमच्याकडेही रोज. उठा."

काकांच्या हौदातही अळ्या निघाल्या. त्यांच्या शेजारच्या पिंपातही. अकरा घरांपैकी आठ घरांत. प्रत्येक घरी आई तेच वाक्य म्हणे, "आधी माझ्या पाण्यात सापडल्या." त्यामुळे कोणाला भांडता येईना. संध्याकाळी उन्हे असतानाच काशिनाथकाका नानांना घेऊन भट्टीमालकाकडे गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर काका एवढेच म्हणाले, "ट्रक नको म्हणून सांगितलं." रविवारी ट्रक आला नाही.

रविवारी सकाळी मात्र आमच्या परसात खरा पेच उभा राहिला. हौद पूर्ण रिकामा करून काथ्याने घासायचा होता. पाणी उपसून झाले, वीतभर उरले आणि आईचा हात थांबला. सासूचा शब्द होता. नाना म्हणाले, "अगं, रोगापुढे रूढी काय?" उरलेली वीत आईने उपसली, तळ घासला, कडा घासल्या, ऊन लागू दिले. मग आत गेली, वाटीत मूठभर तांदूळ आणले आणि ती वाटी कोरड्या हौदाच्या मधोमध ठेवली. "रिता नाही," ती म्हणाली. "आता वाळू दे." पुढे दर रविवारी आळीतल्या प्रत्येक हौदात तांदळाची वाटी दिसू लागली. सामंत बाईंनी ते पाहिले आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने टिपून घेतले.

निकाल यायला दीड महिना लागला. आता एखादा नमुना सकाळी यंत्रात घातला तर संध्याकाळी उत्तर मिळते म्हणतात. तेव्हा तसे नव्हते. पुण्याच्या पत्रात लिहिले होते: चौदावी कुपी, विषाणू मिळाला. पंधरावी, नाही. डासांची पोटे रिकामी असल्यामुळे तो विषाणू डासांतच वाढलेला होता, प्यालेल्या रक्तातला नव्हे. रक्ताचेही उत्तर त्याच पत्रात होते. तापाची खूण रक्तात उमटायला काही दिवस लागतात; सोमीच्या पहिल्या रक्तात ती नव्हती, दुसऱ्यात भरपूर होती. आईच्या रक्तात ती पहिल्याच वेळी भरपूर होती, आणि दुसऱ्या वेळी किंचित उतरलेली.

बाईंनी आईला विचारले, "तुम्हाला ताप आला होता?"

"छे." मग आई आठवू लागली. "रामनवमीला सुंठवडा कुटताना मनगटं धरली होती. अंग कढत होतं दोन दिवस. मला वाटलं, खलबत्त्यानं धरली. सांगायचं काय त्यात?"

सोमी तापली त्याच्या चांगले पंधरा-वीस दिवस आधीची ही गोष्ट. त्या दिवसांत सोमी रोज त्या हौदाला टेकून भाकरी खात होती. आईने बाईंकडे पाहिले. "म्हणजे माझ्याकडूनच गेला तिच्याकडे?"

"बहुधा," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कुठून आला ते आपल्याला माहीत नाही. कोणी आणला, असं म्हणू नये."

आई त्या दुपारी पातळ भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून भट्टीवर गेली. ती काय बोलली हे मी दूर उभी असल्यामुळे ऐकले नाही. बुधीबाईचे उत्तर मात्र मोठ्याने आले, "डास तुमचा हाय का माझा, त्याला काय नाव लिवलंय? बसा वैनी. ह्या भाकरी जाड झाल्यात." सोमी उठून बसली होती. तिची उजव्या हाताची दोन बोटे पुढे कितीतरी महिने पूर्ण उघडली नाहीत. पापुद्रा मात्र ती डाव्या हाताने सोडवू लागली होती.

माझ्या प्रश्नाचे उत्तर असे: ताप आमच्या परसातून भट्टीवर गेला असावा. ‘असावा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवते. कारण वहीत चांगूच्या बायकोसमोरचा दुसऱ्या रक्ताचा रकाना कोरा आहे. तिचे काय झाले, तिला ताप आधी होता की नंतर, हे तपासता आले नाही. ती माणसे परत या बाजूला आली नाहीत. त्या कोऱ्या जागेचे कारण माझे लेबल आहे, आणि तिथे मारायला मला कोणतीही रेघ सापडलेली नाही.

मी आता सुकापूरला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. भट्टी होती ती जागा माझ्या खिडकीतून दिसते असे मला वाटते, पण खात्री नाही. इथे हौद नाहीत. फ्रिजच्या मागची पाण्याची तबकडी आहे, मनीप्लँटची बाटली आहे, कुंड्यांखालच्या बशा आहेत. खालच्या रस्त्यावर बांधकामाच्या मजुरांच्या झोपड्या आहेत. दर पावसाळ्यात सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणते की ताप तिथून येतो. मी वाद घालत नाही. थाळी घेऊन जाते.

वाचकांनीही माझ्या शब्दावर विसंबू नये. मी एकदा चुकले आहे. येत्या रविवारी सकाळी आपल्या घरातले सर्वांत जुने साठलेले पाणी एका पांढऱ्या थाळीत ओतावे, उजेडात ठेवावे, दोन मिनिटे थांबून त्यावर हाताची सावली धरावी, आणि काय हलते ते कृपया स्वतः पाहावे.